दप्तरं उघडायच्या आधी

पत्र थोडक्यात: "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पट 34. गेल्या आठवड्यात वर्गातून एक नवी कंपासपेटी आणि तिच्यातले 20 रुपये गेले. कुणी कबूल होईना, म्हणून मी सगळ्यांची दप्तरं तपासली. पेटी एका मुलाच्या दप्तरात निघाली, पैसे नव्हते. 'मी नाही घेतली' एवढंच तो म्हणत राहिला. घरी वडिलांनी त्याला मारलं. चार दिवस झाले, तो शाळेत आलेला नाही. शिवाय स्वाध्यायाच्या वह्या एकमेकींच्या झेरॉक्स असाव्यात तशा येतात आणि चाचणीत बघून लिहिणं सर्रास चालतं. परिपाठात बोधकथा सांगून झाल्या. आता 'महिन्याचा प्रामाणिक विद्यार्थी' असं बक्षीस ठेवावं आणि वर्गात सचोटीचं दुकान (विक्रेता नाही, वस्तू घेऊन पैसे आपणच डब्यात टाकायचे) काढावं असं मनात आहे. काढू का?"

नमस्कार बाई,

दुकानाचं नंतर बघू, बक्षिसाचंही. आधी तो मुलगा. चाराचे आठ दिवस झाले की वर्गात पाय ठेवणं त्याला आणखी जड जाईल, म्हणून आज नाही तर उद्या त्याच्या घरी जा. एकट्याच जा, सोबत वर्गातली पोरं नकोत. अंगणात, शेजारपाजारच्या कानावर जाईल असं काही बोलू नका. वडिलांना सांगायचं ते एवढंच, की मारू नका आणि दप्तर सगळ्यांसमोर उघडायला नको होतं, ती चूक माझी. पेटीचा विषय तिथे काढूच नका. "सोमवारी ये, तुझी वाट बघते" एवढं त्याला सांगून उठा.

त्याच्या दप्तरात पेटी निघाली, म्हणजे ती त्यानेच घेतली असं होत नाही. झडती सुरू झाली की घाबरलेलं पोर हातातली वस्तू शेजारच्या उघड्या दप्तरात सारतं. पाचवीच्या वर्गात हे सहज घडू शकतं. कधी गंमत म्हणून लपवलेली वस्तू अंगाशी येते. तो खरं बोलत असण्याची शक्यता तुम्ही मनात जिवंत ठेवायला हवी, कारण उरलेल्या 33 जणांनी त्याला 'चोर' ठरवून टाकलंय आणि त्यांच्या मनातला तो शब्द फक्त तुम्हीच खोडू शकता.

त्यासाठी तो यायच्या आधी वर्गाशी दोन मिनिटं बोला. त्याचं नाव न घेता: "परवा मी सगळ्यांची दप्तरं उघडली. ते चुकलं. यापुढे कुणाचंही दप्तर मी त्याला विचारल्याशिवाय उघडणार नाही. पेटी मिळाली, तो विषय संपला. त्यावरून कुणी कुणाला चिडवलं तर मला ते चालणार नाही." यापुढे एक शब्दही जोडू नका. 'चोरी करणं वाईट असतं' हे शेपूट लागलं की माफीचा ताबडतोब उपदेश होतो आणि पोरं ओळखतात. मोठं माणूस आपली चूक उघड कबूल करतं आणि त्याचं काही बिघडत नाही, हे पाहणं हाच प्रामाणिकपणाचा धडा आहे आणि तो तुम्हाला आयता मिळालाय. तो परत आला की त्याला रोजचंच साधं काम द्या, वह्या वाटण्यासारखं. लगेच पैशाच्या पेटीची जबाबदारी देऊ नका. 'बघा, मी याच्यावर विश्वास टाकतेय' हे नाटक त्यालाही कळतं, वर्गालाही. 20 रुपयांची भरपाई गाजावाजा न करता तुमच्या खिशातून करून टाका.

झडतीबद्दल आमचं मत ठाम आहे: नको. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास देण्यालाही मनाई केली आहे आणि भर वर्गात दप्तर उपडं करणं हे त्यापासून फार लांब नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी झडतीने वस्तू एकदा सापडते आणि पुढच्या वेळी ती दप्तरात ठेवायची नसते एवढं पोरं शिकतात. सगळ्या वर्गाला उभं करणं, 'कोण ते सांगत नाही तोवर मधली सुट्टी नाही' म्हणणं, हेही त्यातच आलं. शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण पोरांना टिळकांचा बाणेदारपणा म्हणून सांगतो. त्या गोष्टीत न केलेल्या कचऱ्याची शिक्षा अख्ख्या वर्गाला देणारे गुरुजीही आहेत, याचा विसर पडतो.

मग वस्तू गेली तर करायचं काय? आधी दहा मिनिटं ती हरवली आहे असंच धरा. प्रत्येकाने आपापलं दप्तर स्वतः रिकामं करून बघायचं, बाकांखाली, सतरंजीखाली, खिडकीत बघायचं. बऱ्याचदा वस्तू मालकाच्याच दप्तरात तळाला निघते. नाही मिळाली, तर शाळा सुटताना परत ठेवायची वाट मोकळी करा. बाजूच्या रिकाम्या खोलीत किंवा कपाटाआड, जिथे बाहेरून काही दिसत नाही अशा जागी, एक खोका ठेवा. हजेरी क्रमांकाने एकेकाने दप्तरासकट तिथून जायचं आणि दुसऱ्या दाराने किंवा वळसा घालून घरी. एकाला 20 सेकंद धरले तर 34 मुलांना साधारण 12 मिनिटं लागतात, तेव्हा शेवटच्या तासातली 15 मिनिटं मोकळी ठेवा. घेतली नसेल त्यानेही जायचंच, नाहीतर जाणारा तोच चोर ठरतो. खोका सगळे गेल्यावर उघडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा संधी द्यायची आणि मग थांबायचं.

हे फसतं ते तीन कारणांनी. बाईंना राहवत नाही आणि त्या डोकावतात. किंवा मॉनिटरला लक्ष ठेवायला सांगितलं जातं, आणि मॉनिटरच्या पोटात काही राहत नाही. तिसरं म्हणजे वस्तू मिळाल्यावर 'ज्याने ठेवली त्याच्यासाठी टाळ्या' होतात आणि अख्खा वर्ग माना वळवून एकमेकांकडे बघायला लागतो. वस्तू मिळाली तर "पेटी मिळाली" म्हणून पुढचा धडा काढायचा.

कोणी घेतली हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, तेव्हा "तू घेतलीस का?" हा प्रश्न विचारूच नये. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न म्हणजे सापळा असतो. पोर त्यात अडकून खोटं बोलतं आणि मग चोरीच्या जोडीला खोटेपणाचाही हिशेब तुम्हाला करावा लागतो. "का केलंस?" हेही तसंच, त्याचं उत्तर दहा वर्षांच्या मुलाकडे नसतं, म्हणून ते एक तयार करतं. बाजूला घेऊन जे माहीत आहे तेच सांगा: "मधल्या सुट्टीत तू ती पेटी उचललीस, ते मी पाहिलंय. आता ती परत कशी द्यायची ते ठरवू." आणि गप्प राहा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. ती शांतता बाईंनाच जास्त जड जाते.

शिक्षेने खोटं कमी होतं असं वाटतं, पण दिसतं उलटं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत छडी, चापट, चिमटे रोजचेच, दुसरीत फार तर रागावणं. तीन-चार वर्षांच्या मुलांना 'मागे ठेवलेलं खेळणं बघू नकोस' असं सांगून एकटं ठेवलं. दोन्हीकडच्या बहुतेकांनी वळून पाहिलं. पण 'पाहिलंस का?' या प्रश्नावर छडीच्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली, आणि पुढच्या प्रश्नांत ते खोटं त्यांनी अधिक सफाईने निभावलं. छडीने त्यांना खोटं बोलण्याचा सराव दिला होता.

तुमच्या बोधकथा वाया का गेल्या, याचंही थोडं उत्तर कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्याच 2014 च्या प्रयोगात आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून मग खरेपणा तपासला. 'लांडगा आला रे आला'चा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने झाड तोडल्याचं कबूल केल्यावर वडील खूश होतात, त्या गोष्टीचा. आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून त्यात शिक्षा घातली तर तो परिणामही गेला. म्हणजे गोष्ट निवडताना खोट्याला काय शासन झालं हे बघू नका, खरं बोलणाऱ्याचं पुढे काय झालं ते बघा. आपल्याकडे लाकूडतोड्या आणि देवतेची गोष्ट त्या मापाची आहे. फक्त तिच्यात खरं बोलण्याबद्दल सोन्याची कुऱ्हाड मिळते, ते जरा जास्तच झालं.

आता वह्या. झेरॉक्स वह्या येतात तेव्हा दोष निम्मा स्वाध्यायाचा असतो. पंधरा उदाहरणं, तीही सगळ्यांना सारखीच, आणि अपूर्ण वहीला लाल शेरा. यात उतरवून काढणं हाच पोराला शहाणपणाचा मार्ग दिसतो. पंधराची पाच करा आणि प्रत्येकाचं उदाहरण वेगळं करा. त्यासाठी रात्री बसून 34 उदाहरणं काढायची गरज नाही. फळ्यावर लिहा: 'आपल्या हजेरी क्रमांकात 30 मिळवा आणि येणाऱ्या संख्येला 47 ने गुणा.' पहिल्याचं 31 गुणिले 47, उत्तर 1457. दुसरीचं 1504. पुढे दर क्रमांकाला 47 वाढत जातात आणि शेवटच्या, 34 व्या मुलाचं उत्तर 3008 येतं. तुमची उत्तरसूची पाच मिनिटांत तयार. 30 मिळवायचे ते यासाठी की पहिल्या दहा जणांना फुकटात सोपं उदाहरण मिळू नये. परिसर अभ्यासात 'पाण्याचा वापर यावर पाच ओळी' याऐवजी 'काल तुमच्या घरी किती बादल्या पाणी लागलं, कशाकशाला' हे विचारा. शेजाऱ्याच्या बादल्या उतरवल्या तर लगेच कळतं, कारण त्याच्या घरात म्हैस असते आणि याच्या नसते.

प्रत्येक स्वाध्यायाखाली एक 'मदतीची ओळ' ठेवा: कुणी समजावलं, कुठून पाहिलं. 'ताईने पहिली पायरी करून दिली' असं लिहिणाऱ्याचा एकही गुण कापायचा नाही. मदत घेणं आणि उतरवून काढणं यातला फरक मोठ्यांनाही सांगता येत नाही, पण ती ओळ लिहायला लागली की पोरांना तो हाताला लागतो. जमलं नाही तर जिथे अडलं तिथे त्रिकोण काढून पान कोरं ठेवायचं, तोही पुरा स्वाध्याय समजायचा. पहिल्या आठवड्यात वहीत त्रिकोणच त्रिकोण येतील, घाबरू नका. निदान पहिली पायरी केल्याशिवाय त्रिकोण काढायचा नाही असा नियम करा, म्हणजे आळशी त्रिकोण गळतात. उरलेले तुमच्या कामाचे, उद्या फळ्यावर काय पुन्हा घ्यायचं ते त्यात दिसतं.

चाचणीचं तसं सोपं आहे. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत पुस्तकासह चाचणीही आहे, आणि ती आपण फारच कमी वापरतो. पाठांतराचे प्रश्न असले की बघून लिहिता येतं, शोधून विचार करायचे असले की शेजाऱ्याकडे बघून भागत नाही. बंद पुस्तकाची चाचणी घ्यायचीच तर त्याच प्रश्नांचे आकडे आणि क्रम बदलून अ आणि ब असे दोन संच करा आणि शेजारी-शेजारी वेगळे द्या. आठवड्यातून एकदा दहा गुणांची छोटी चाचणी मुलांनाच तपासू द्या. निळी पेनं आणि पेन्सिली दप्तरात, हातात फक्त रंगीत खडू, उत्तरं फळ्यावर. नंतर पाच वह्या कुठल्याही उचलून तुम्ही पुन्हा तपासा आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवा. तफावत दिसली तर एकट्याला बोलावून वही पुढे करायची: "तिसरं पुन्हा बघ." बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

इथे एक पेच हमखास येतो, त्यावर आधीच विचार करून ठेवा. एखादी मुलगी येऊन म्हणते, "बाई, मला दोन गुण जास्त दिलेत." कापले तर खरेपणाचा दंड झाला, ठेवले तर तिच्या पत्रिकेत खोटा आकडा राहिला. आमच्या मते गुण दुरुस्त करायचेच, पण तिथल्या तिथे तोच प्रश्न तिला तोंडी विचारायचा. उत्तर आलं तर दोन गुण पुन्हा तिचे, तोंडी काम हेही मूल्यमापनाचंच साधन आहे. नाही आलं तर "उद्या विचारते, बघून ये." हा नियम वर्गाला आधीच ठाऊक असला की बेरीज तपासायला लावणारी पोरं वाढतात. कमी पडलेल्या गुणांसाठी तर ती येतच असतात.

'हुशार' हा शब्दही जरा जपून वापरा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्याच मुलांवर केलेल्या प्रयोगांत 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेल्या मुलांनी, पुढे अवघड कोडी चुकल्यावर, आपले गुण वाढवून सांगितल्याचं प्रमाण मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. हुशार म्हणवून घेतलेल्या पोराला चुकणं परवडत नाही. "खाडाखोड तशीच ठेवलीस, म्हणून मला कळलं तू कुठे वळलास" ही शाबासकी त्याच्या कामाची, आणि तुमच्याही.

बक्षीस मात्र ठेवू नका. 'प्रामाणिक विद्यार्थी' निवडला की बाकीचे 33 काय ठरले? शिवाय सापडलेला रुपया आणून दिल्याबद्दल टाळ्या मिळायला लागल्या, की आठवड्याभरात वर्गात रुपये जरा जास्तच सापडायला लागतात. पोरं घरून आणलेलं नाणं 'सापडलं' म्हणून देतात. प्रामाणिकपणा दाखवण्यासाठी केलेली ही लबाडी आपणच शिकवलेली असते. सापडलेल्या वस्तूंसाठी दाराजवळ एक खोका पुरे, ठेवणाऱ्याचं नाव नाही.

ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या सुमारे 11 हजार शाळकरी मुलांना खोटं बोलायच्या, गुण फुगवायच्या, पैसे उचलायच्या संधी देऊन पाहिलं होतं. 'प्रामाणिक मुलं' आणि 'अप्रामाणिक मुलं' असे दोन गट काही त्यांना सापडले नाहीत. एका ठिकाणी सचोटीने वागलेलं मूल दुसरीकडे फसवत होतं, आणि बरंचसं प्रसंगावर, आजूबाजूच्या पोरांवर अवलंबून होतं. म्हणून आम्ही इतका वेळ मुलांपेक्षा वर्गाच्या रचनेबद्दल बोलतोय.

त्या रचनेत आपणही येतो. उद्या साहेब येणार म्हणून 'विचारलं तर रोज वाचन घेतात असं सांगा' असं आपण सहज सांगून जातो. गांधीजींच्या आत्मचरित्रात राजकोटच्या शाळेतला प्रसंग आहे: तपासनीसाने पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले, 'केटल'चं स्पेलिंग मोहनदासचं चुकलं, आणि शेजाऱ्याच्या पाटीवर बघ म्हणून शिक्षक त्याला बुटाच्या टोकाने खुणावत राहिले. शिक्षकालाही वर्गाचं नावच राखायचं होतं, दुसरं काय. तुमच्या वर्गाबाहेरच्या फळ्यावर रोज 'पट' आणि 'हजर' लिहिलं जातं. पाचवीच्या पोराला तो आकडाही वाचता येतो आणि खिचडीच्या पंगतीतली डोकीही मोजता येतात.

आता दुकान. काढा, पण महिनाभर थांबून. आत्ता काढलंत तर पहिल्याच तुटीला सगळ्यांच्या नजरा एकाच मुलावर जातील. त्याच्याही आधी एक फुकट डबा ठेवा: उरलेले पेन्सिलीचे तुकडे, अर्धे खोडरबर, एक शार्पनर, न विचारता घ्यायचे. वर्गातल्या बऱ्याचशा 'चोऱ्या' म्हणजे पेन्सिल नसताना मार चुकवण्याची धडपड असते, ती या डब्याने निम्मी थांबते.

दुकानाला 200 रुपये भांडवल पुरतं. सगळ्या वस्तू 5 रुपयांच्याच ठेवा, नाहीतर सुट्या पैशांचा घोळ होतो आणि खरी तूट कुठली, सुट्याची कुठली हे कळेनासं होतं. 20 पेन्सिली, 10 खोडरबर, 6 शार्पनर, 4 पेनं, एकूण 40 वस्तू. नफा नाही. शेजारी झाकणाला फट पाडलेला डबा, आणि दोऱ्याने बांधलेली उधारीची वही. ही वही विसरू नका. ज्याच्याकडे आज 5 रुपये नाहीत त्याला नाव लिहून पेन्सिल नेता आली पाहिजे, नाहीतर तुमच्या दुकानात खरं वागणं फक्त पैसेवाल्यांना परवडेल. तिथे कुणी पहारेकरी बसवू नका, मोबाईल लपवून तर मुळीच ठेवू नका.

शनिवारी, शाळा सुटायच्या आधी, दोन मुलं वस्तू मोजतील आणि दोन पैसे. दर आठवड्याला जोडी बदला. फळ्यावर एवढंच येऊ द्या: 'वस्तू गेल्या 13. यायला हवे 65. आले 55. उधारी 5. तूट 5.' त्यावर भाषण नाही, उसासाही नाही, कोण असेल याची चर्चा नाही. पुढच्या सोमवारी भांडवलातून एक पेन्सिल कमी भरायची, बस. तूट सलग तीन आठवडे 20 रुपयांच्या वर गेली तर दुकान पंधरा दिवस बंद ठेवून मुलांना विचारा, अडचण कुठे येतेय. 'फट छोटी आहे, नाणं अडकतं' अशी उत्तरंही निघू शकतात, ती खरी धरून फट मोठी करा.

पहिल्या चार शनिवारचे आकडे आम्हाला कळवा. तो मुलगा आला का, हे मात्र त्याच्या आधी कळवा.